टाइल उचलून पाठ बघा

टाइल्स बसवणारा कारागीर ठरवताना दोन गोष्टी हमखास बघितल्या जातात: त्याचा दर आणि मोबाइलमधले जुन्या कामांचे फोटो. फोटोत सगळीच फरशी छान दिसते. सांध्यांत ग्राउट (सांधे बुजवायचा मसाला) भरून झालं आणि ओल्या फडक्याचा शेवटचा हात फिरला की चांगलं काम कुठलं आणि वरवरचं कुठलं, हे पहिल्या दिवशी जाणत्यालाही चटकन सांगता येत नाही. खरी मेख असते टाइलखालच्या पाच-दहा मिलिमीटरमध्ये, आणि ती एकदा झाकली गेली की फोडल्याशिवाय दिसत नाही. म्हणून माणूस निवडतानाचे प्रश्न, कोटेशनमधल्या ओळी, पैशांचे हप्ते हे सगळं या झाकल्या जाणाऱ्या भागाला धरून ठरवावं. फोटोच मागायचे तर अर्धवट कामाचे मागा. जमलं तर वर्ष-दोन वर्षं वापरात असलेलं त्याचं एखादं बाथरूम बघून या.

पहिल्या भेटीत तो काय करतो यावर लक्ष ठेवा. नुसती टेप टाकून क्षेत्रफळ काढलं आणि दर सांगितला, तर त्याने काहीच बघितलेलं नाही. जाणता कारागीर ॲल्युमिनियमची लांब पट्टी जमिनीवर आडवी-उभी ठेवतो, खाली किती फट दिसते ते बघतो, भिंतींना ओळंबा लावतो, खोली गुण्यात आहे का, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत का, ते ३-४-५ च्या मापाने तपासतो, कोब्यावर (टाइलखालच्या सिमेंटच्या थरावर) ठोकून पोकळ आवाज ऐकतो. टाइलची एखादी बाजू ३८ सेमी किंवा त्याहून मोठी असेल, तर ३ मीटर लांबीत ३ मिमीपेक्षा जास्त उंचसखलपणा चालत नाही. लहान टाइलला ६ मिमीपर्यंत चालतो. आता त्याला विचारा, ‘जमीन सपाट नसेल तर काय करणार?’ ‘मसाला कमीजास्त करून सावरून घेऊ’ असं उत्तर आलं, तर पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही. टाइल ॲडेसिव्ह हे चिकटवायला असतं, खड्डे भरायला नाही. जाड थर वाळताना आक्रसतो, टाइल खाली ओढली जाते आणि संध्याकाळी एका पातळीत असलेल्या कडा सकाळी अंगठ्याला लागायला लागतात. आधी जमीन सपाट करून घ्यायची, ती वाळू द्यायची, मग टाइल. नवा सिमेंटचा कोबा असेल तर २८ दिवस थांबणं उत्तम.

जुन्या फरशीवरच नवी बसवायची असेल तर आधी जुनी पूर्ण ठोकून बघावी, पोकळ असलेली काढावी आणि चकाकी घासून खरबरीत करून घ्यावी. दारं खालून किती तासावी लागतील हेही त्याच दिवशी मोजा, नाहीतर सुताराची आठवण शेवटच्या दिवशी येते.

दुसरा प्रश्न: ‘सिमेंटवर बसवणार की ॲडेसिव्हवर, आणि टाइल भिजवणार का?’ याचं उत्तर टाइलच्या जातीवर ठरतं. आयएसओ १३००६ या मानकाप्रमाणे भिंतीच्या नेहमीच्या सिरॅमिक टाइलचं पाणी शोषण १० टक्क्यांहून जास्त असतं, तर व्हिट्रिफाइड टाइलचं ०.५ टक्के किंवा त्याहून कमी. सिरॅमिकची पाठ सच्छिद्र असल्यामुळे सिमेंट तिला धरतं. मात्र कोरडी टाइल सिमेंटमधलं पाणी चटकन ओढून घेते, म्हणून ती आधी भिजवतात. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ काही शोषतच नाही, त्यामुळे सिमेंटच्या पाण्याला आत शिरायला वाव नसतो. नुसत्या सिमेंटवर बसवली तर ती पुढे सुटू शकते आणि दोष कंपनीच्या माथी मारला जातो. तिला पॉलिमर असलेलं ॲडेसिव्हच हवं. गोणीवर सी१ किंवा सी२ लिहिलेलं असतं, त्यात सी२ जास्त ताकदीचं. मोठी व्हिट्रिफाइड टाइल किंवा टाइलवर टाइल असेल तर सी२ च घ्या. पुढे टी असेल तर भिंतीवर घसरत नाही, ई असेल तर थापल्यानंतर जास्त वेळ काम करता येतं. ॲडेसिव्हवर बसवताना टाइल भिजवायची नाही, फक्त पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या स्पंजने पुसायची. ‘आम्ही सगळ्याच भिजवतो’ हे उत्तर वर्षानुवर्षांच्या सवयीचं आहे, समजुतीचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाठीवर पाच ठिकाणी मसाल्याचे गोळे ठेवून टाइल दाबायची, ही पद्धत झपाट्याने उरकते आणि लेव्हलही छान येते. पण गोळ्यांच्या मधे आणि कोपऱ्यांत पोकळी राहते. तिथे कपाटाचा पाय आला किंवा लोखंडी काही पडलं की कोपरा तडकतो, आणि ओल्या जागी त्या पोकळीत पाणी साठतं. बरोबर पद्धत अशी: थापीच्या सपाट बाजूने ॲडेसिव्ह आधी जमिनीत रगडायचं, मग दातेरी बाजूने एकाच दिशेला सरळ रेघा ओढायच्या. लहान भिंत टाइलला ६ मिमीचे दात पुरतात, ६० सेमीच्या टाइलला १० ते १२ मिमीचे लागतात आणि पाठीवरही पातळ हात मारावा लागतो. टाइल ठेवल्यावर रेघांना आडवी, किंचित पुढेमागे सरकवत दाबायची म्हणजे रेघा मोडून एकमेकींत मिसळतात आणि हवा बाहेर पडते. गोलगोल रेघा ओढल्या तर हवा आतच कोंडते.

हे झालं की नाही ते बघायला एकच खात्रीचा उपाय आहे. नुकतीच बसवलेली टाइल उचलायला सांगा आणि पाठ बघा. रेघा तशाच उभ्या दिसत असतील तर दाब कमी पडलाय किंवा दात लहान आहेत. मधे भरलेलं आणि चारही कोपरे कोरडे असतील तर तोच दोष. ॲडेसिव्हवर साय धरलेली दिसली आणि बोटाला काही चिकटलं नाही तर ते थापून फार वेळ झालाय. खरवडून काढायचं, वरून पाणी शिंपडायचं नाही. घरातल्या कोरड्या जागी किमान ८० टक्के पाठ भरलेली हवी, बाथरूममध्ये ९५ टक्के. दर दिवशी एक-दोन टाइल उचलून दाखवाव्या लागतील, हे काम ठरवतानाच सांगून ठेवा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. तो स्वतःही अधूनमधून उचलून बघतच असतो. घमेल्यात घट्ट होऊ लागलेलं ॲडेसिव्ह पाणी घालून सैल करताना दिसला, तर तेवढ्यावर तिथल्या तिथे बोला.

मांडणी कोरडी करून दाखवायला सांगा. समजा खोली ३.१ मीटर रुंद आहे आणि टाइल ६० सेमीची. एका भिंतीपासून सुरुवात केली तर पाच टाइल्स पूर्ण बसतात आणि सांधे आणि कडेची फट धरता शेवटी जेमतेम ८ सेमीची चिंधी उरते. तीच मांडणी मधून धरली तर चार पूर्ण आणि दोन्ही कडांना साधारण ३४ सेमीचे तुकडे येतात. दारातून आत येताना नजर कुठे पडते ते बघून पूर्ण टाइलची रांग ठरवावी आणि कापलेले तुकडे फर्निचरखाली जावेत. लांबट टाइल विटांसारखी अर्ध्यावर सरकवून लावायची हौस असेल तर आवरा. भट्टीत भाजताना लांब टाइल मधे किंचित फुगते, आणि अर्ध्यावर सरकवली की एकीचा उंच मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशेजारी येतो. ३८ सेमीहून लांब टाइलला एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवू नये.

बाथरूममध्ये ढाळ कोब्यातच काढलेला असावा, दर मीटरला सुमारे २० मिमी, जाळीकडे. टाइल तिरपी बसवून ढाळ आणता येत नाही, आणलाच तर पाणी दुसऱ्या कोपऱ्यात साचतं. ग्राउट पाणी अडवत नाही. अडवतो तो खालचा वॉटरप्रूफिंगचा थर, म्हणून टाइल लागण्याआधी आउटलेट बंद करून २४ तास पाणी भरून ठेवा, पातळीची खूण करा आणि खालच्या छतावर ओल येते का बघा. ही चाचणी कोटेशनमध्ये लिहूनच घ्या, कारण घाईच्या दिवसांत नेमकी तीच गाळली जाते.

भिंतीलगत चारही बाजूंनी ६ मिमी फट सोडलेली हवी. ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली, झाकली जाते. फट न सोडता मसाल्याने घट्ट भरली, तर उष्णतेने फरशी प्रसरण पावताना तिला जागाच राहत नाही आणि एखाद्या दुपारी मधली रांग फाटकन वर उचलली जाते. याच कारणाने भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट नको, सिलिकॉन हवं.

कोटेशनमध्ये मजुरी कशावर मोजणार ते स्पष्ट हवं: खिडक्या-दारांचं क्षेत्र वजा होणार का, स्कर्टिंग रनिंग फुटावर की वेगळं, ४५ अंशांत घासलेल्या कडा, नळांची भोकं, पायऱ्यांच्या पुढच्या कडा, जुनं फोडून राडारोडा उचलणं, ग्राउट आणि स्पेसर (सांध्याची फट सारखी राखणारे तुकडे) कुणाचे. वाद नेहमी या फुटकळ वाटणाऱ्या ओळींवरूनच होतात. पैसे दिवसांवर देऊ नका, थरांवर द्या: जमीन तयार झाल्यावर एक हप्ता, पाण्याची चाचणी झाल्यावर एक, टाइल्स लागल्यावर एक, आणि शेवटचा ग्राउट वाळून तपासणी झाल्यावर.

माल किती? ३.६ × ३ मीटरच्या खोलीचे १०.८ चौरस मीटर, त्यात तुटफूट १० टक्के धरून ११.८८. ६० सेमीच्या चार टाइल्सच्या खोक्यात १.४४ चौरस मीटर येतात, म्हणजे नऊ खोकी. तिरपी मांडणी असेल तर १५ टक्के धरा. सगळ्या खोक्यांवर बॅच, शेड आणि कॅलिबरचा (टाइलच्या नेमक्या मापाचा) क्रमांक एकच आहे ना, हे टेम्पोतून उतरवतानाच बघा. तरीही लावताना तीन-चार खोक्यांतून मिसळून घ्यायला सांगा. ॲडेसिव्ह चौरस मीटरला साधारण ५ किलो लागतं. पाठीवरही हात मारायचा असेल तर जास्त.

ग्राउट २४ तासांनंतर. ३ मिमीपर्यंतच्या सांध्याला बारीक, त्याहून रुंद असेल तर वाळूचं. रंग डागाळतो तो बहुधा पाण्यामुळे: मिसळताना जास्त ओतलं जातं, किंवा स्पंज नीट न पिळता पुसलं जातं. पुसायचं सांध्यांना तिरकं, सरळ पुसलं की भरलेला माल बाहेर येतो.

शेवटचा हप्ता देण्याआधी रात्री खोलीतला दिवा बंद करून टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. वर आलेली प्रत्येक कड सावली टाकते. मग नाण्याने प्रत्येक टाइलचे कोपरे वाजवा आणि पोकळ आवाजाच्या जागी पेन्सिलीने फुली करा. उरलेल्या टाइल्स खोक्यासकट उभ्या ठेवा, बॅच क्रमांकाचं लेबल न फाडता.