पावरप्रेस सातला बंद होते

आमच्या कंपनीचं ऑफिस ऐरोलीला, ठाणे-बेलापूर रोडवर. काम अमेरिकन गिऱ्हाइकांचे फोन घेण्याचं. २०२०च्या मार्चात सगळे घरी गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दूरसंचार खात्याने घरून कॉल घेण्यावरच्या बँक हमीसारख्या जुन्या अटी काढून टाकल्या, आणि एक अख्खा मजला सोडून दिला तरी काही अडत नाही असा साक्षात्कार आमच्या वरच्यांना झाला. पुढची भरती घरून काम करणाऱ्यांचीच. मग ज्यांना घ्यायचं त्यांची घरं बघून यायला कुणीतरी हवं. मी ठाण्यात राहते, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

फॉर्म दोन पानी, चोवीस रकान्यांचा. दार असलेली वेगळी खोली आहे का, ब्रॉडबँड वायरचं का, इन्व्हर्टर किती वेळ चालतो, टेबलावर कागद-पेन तर नाही ना. (गिऱ्हाईक कार्डाचा नंबर सांगतं, तो कुणी उतरवून घेऊ नये म्हणून.) शेवटी मोबाइलवर आवाज मोजायचा. ५० डेसिबलच्या वर गेला की घर नापास.

२०२३च्या जानेवारीतला दिवस. पाच घरं होती. घोडबंदर रोडवरची दोन टॉवरमधली, ती अर्ध्या तासात उरकली. तिसरं वागळे इस्टेटला, किसननगरात.

वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची अगदी पहिली वसाहत, १९६२ सालची. आता तिथे पासपोर्टसाठी लोक येतात, काचेच्या इमारतींत सॉफ्टवेअरवाले बसतात, पण मधल्या गल्ल्यांत पत्र्याचे गाळे अजून आहेत आणि त्यांत मशिनी चालतातही. हे घर अशाच एका गाळ्याला पाठ लावून. खाली दहा बाय बाराची खोली, भिंतीला लोखंडी शिडी, वर पोटमाळा. मुलगी तेवीस-चोवीसची. आधी मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात होती. बारा-बारा तास उभं राहून पाय सुजायचे म्हणाली.

बोलले मात्र तिचे वडीलच. आयटीआयचे फिटर. बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत टूलरूमला चोवीस वर्षं. ठाण्याहून तिकडे लोकल सुरू झाली २००४ला, त्याआधी कंपनीच्या बसने जायचे. लोकल आली आणि कंपनी गेली, असं ते हसत म्हणाले. व्हीआरएसच्या पैशातून ही खोली.

"वर चला मॅडम, केबिन दाखवतो."

पोटमाळ्यावर त्यांनी खरोखरच केबिन बांधली होती. जुन्या प्लायचा दुहेरी थर, मध्ये काचलोकर, कडांना रबराची पट्टी, वर छोटा एक्झॉस्ट. दार लावून त्यांनी फटीत कागद सरकवून बघायला सांगितलं. कागद गेला नाही. एवढ्या निगुतीने केलेलं काम मी आमच्या ऐरोलीच्या इंटिरियरमध्ये बघितलेलं नाही. फक्त मला ताठ उभं राहता येत नव्हतं, आणि मी पाच फूट दोन इंच. फॉर्ममध्ये उंचीचा रकाना नव्हता.

मोबाइल काढला तोच भिंतीपलीकडून धप्प. मग पुन्हा धप्प. पावरप्रेस, पत्रा दाबून कापायची मशीन. दर तीन-चार सेकंदांनी एक ठोका, पायाखालची फळी हलत होती. केबिनमध्ये आकडा ६४.

"प्रेस सातला बंद होते," काका घाईने म्हणाले. "हिची शिफ्ट साडेसातची ना?"

बरोबर होतं. तिकडे न्यूयॉर्कला सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. काका शिडी उतरले, गाळ्यात गेले. गाळेवाला त्यांच्याच टूलरूममधला जुना भिडू. दोन मिनिटांत प्रेस थांबली. ४१. मी ४१ लिहिलं.

खाली चहा आला. मी सही घ्यायला फॉर्म पुढे केला, तर काकांनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून वाचला आणि मग त्यांचे रकाने सुरू झाले.

"कायम कधी करणार?"

अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, म्हटलं.

"पीएफ? ईएसआय?"

दोन्ही आहेत. पगार अठरा हजार, २१ हजारांच्या आतला, त्यामुळे ईएसआय लागतो. हे मला येत होतं म्हणून मी जरा उत्साहाने सांगितलं.

"लाईटबिल?"

नाही.

"खुर्ची?"

लॅपटॉप आणि हेडफोन कंपनी देते.

"बाबा, बास," मुलगी म्हणाली.

"बास काय? आमच्या टायमाला मशीन कंपनीची, लाईट कंपनीची, कँटीन कंपनीची. चपला तेवढ्या आपल्या. त्यासुद्धा नाही, सेफ्टी शूज मिळायचे." मग माझ्याकडे वळून, आवाज अजिबात न चढवता, "रात्री दोन वाजता ही शिडीवरून पडली, तर तो अपघात कामावरचा धरणार की घरातला?"

मी बाहेर येऊन एचआरला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "हे आजवर कुणी विचारलेलं नाही." मी आत जाऊन ते जसंच्या तसं सांगितलं. काकांनी मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं, आणि सही कर म्हणून मुलीकडे पेन दिलं. राहिलेली दोन घरं मी कशी बघितली ते आठवत नाही.

ती फेब्रुवारीत रुजू झाली. काम चांगलं करत होती.

१२ मार्चला, रविवारी, अमेरिकेने घड्याळ तासभर पुढे केलं. दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारी करतात, मला दहा वर्षं हे माहीत आहे, आणि जानेवारीत ४१ लिहिताना ते डोक्यातही आलं नव्हतं. सोमवारपासून तिची शिफ्ट साडेसहाला. आठवड्याभरात क्वालिटीवाल्याने तिचे कॉल माझ्याकडे पाठवले. पहिल्या अर्ध्या तासातला प्रत्येक कॉल ऐकला. केबिनच्या भिंती आवाज बऱ्यापैकी गिळत होत्या, पण ठोका लपत नव्हता. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं, तुमचं दार कुणी ठोठावतंय का? तिने सांगितलं, शेजारी काम चालू आहे, थोड्या वेळात थांबेल.

मी काकांना फोन केला. ते आधीच गाळ्यात जाऊन आले होते.

"त्याला कसं सांगू, मॅडम? दोन वर्षांनी नीट ऑर्डर लागलीय. चार पोरं कामाला ठेवलीत. सहाला बंद कर म्हणून मी कुठल्या तोंडाने सांगू?"

नियमाप्रमाणे घर पुन्हा तपासायला हवं होतं, संध्याकाळी साडेसहाला. मी शेऱ्यात लिहिलं, लाईनमधला आवाज. दुसऱ्या दिवशी क्वालिटीवाल्याचा उलट मेल आला. लाईनमधला आवाज इतका ठेक्यात कसा?

त्याला मी उत्तर पाठवलं नाही. तिकडचं घड्याळ मागे यायला नोव्हेंबरचा पहिला रविवार उजाडावा लागतो. कॅलेंडरवर मोजलं, जवळजवळ आठ महिने होते.