ग्रँट डफची कोणती प्रत?

फोंडा, शनिवार, रात्र

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. खडकवासल्याला जाऊन त्याला आता वर्ष होईल. "मामा, ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास वाचायचाय. ऑनलाइन पाच-सहा तऱ्हेच्या प्रती दिसतात. कुठली घेऊ?" म्हटलं, दोन दिवस थांब, काही मागवू नकोस. जेवणं झाल्यावर कपाट उघडून बसलो. पाऊस सकाळपासून धरून आहे. या दिवसांत पुस्तकांना हात लावला की पानं मऊ लागतात, कडेला बुरशीची पांढरी रेघ दिसते. तीन प्रती काढल्या, पुसल्या, पंख्याखाली ठेवल्या.

वाच, असं त्याला मी बेधडक सांगणार आहे. जेम्स ग्रँट डफ १८१८ साली साताऱ्याच्या कारभारावर आला तेव्हा २९ वर्षांचा लष्करी अधिकारी होता. पेशवाई नुकतीच बुडाली होती. दप्तरं शाबूत होती, आणि लढायांत उभी राहिलेली माणसं अजून हयात होती. पुढे प्रकृतीने साथ सोडली म्हणून तो स्कॉटलंडला परतला आणि १८२६ मध्ये त्याचा इतिहास तीन खंडांत निघाला. फौजेचा थकलेला पगार, दाणावैरण, पावसाळ्याआधी उरलेले दिवस यांकडे त्याचं लक्ष असतं. वसईच्या वेढ्याचं प्रकरण मी कितीदा वाचलं असेल! पोर्तुगिजांचे मेलेले आणि जखमी मिळून ८०० आणि मराठ्यांनी स्वतः कबूल केलेलं आपलं नुकसान ५,००० वर, हे आकडे तो शेजारी शेजारी ठेवतो. तट फोडायला काय किंमत पडते हे तिथे कळतं. चिमाजीअप्पांच्या विजयाची मिरवणूक लहानपणापासून ऐकली होती. ते ५,००० मात्र मला पहिल्यांदा या पुस्तकात भेटले.

पण एकट्या डफवर विसंबू नकोस, हेही सांगायचं आहे. तो जिंकणाऱ्यांचा माणूस होता. अफझलखानाच्या प्रकरणात त्याने शिवाजीमहाराजांवर ठेवलेला ठपका आपल्याकडच्या अभ्यासकांनी मान्य केला नाही. नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनी तर विद्यार्थिदशेतच त्याच्या चुका एकेक करून दाखवल्या. १८९८ पासून इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचे जुन्या कागदपत्रांचे खंड निघू लागले आणि त्याला न मिळालेली पत्रं उजेडात आली. आणि आम्हा गोंयकारांसाठी पिसुर्लेकर. सत्तरीतल्या पिसुर्लें गावचा हा माणूस इथल्या पुराभिलेखात आयुष्यभर पोर्तुगीज कागदांत बसला. त्यांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध' पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये छापलं. नोव्हेंबर १६८३ मध्ये पोर्तुगिजांचा विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर जवळच्या दुर्भाट बंदरावरून फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला, तटाला खिंडार पाडलं, आणि संभाजीराजे धावून येताच त्याला माघार घ्यावी लागली. मग महिना संपायच्या आत राजांनी जुवें बेट घेतलं. हे सगळं विजरईच्या बाजूने कसं दिसत होतं ते पिसुर्लेकरांत वाचावं. मी याच गावात राहतो. दुर्भाटच्या धक्क्यावर गेलो की ती फौज होड्यांकडे परत पळते आहे असं अजूनही डोळ्यांपुढे येतं.

आता प्रतींचं.

पहिली मी ऑनलाइन मागवलेली, १८२६च्या आवृत्तीची नुसती यंत्राने काढलेली छायाप्रत. कव्हर चकचकीत, आत पानं तिरपी, दुसऱ्या खंडातली दोन पानं गायबच. सगळ्यात वाईट म्हणजे नकाशा. मूळ पुस्तकात घडीचा नकाशा होता. ज्याने यंत्रावर पान ठेवलं त्याने घडी उलगडलीच नाही. घडीच्या वरच्या पानावर जेवढं दिसतं तेवढंच छापलंय. लढायांच्या पुस्तकात असं करणं मला सहन होत नाही. घाट कुठे, खाडी कुठे हेच कळलं नाही तर मुलगा नुसती नावं पाठ करील.

दुसरी त्याहून फसवी, कारण दिसायला छान. मजकूर नव्याने जुळवलेला, अक्षर मोठं, पण तळटीपा एक तर उडवल्यात किंवा वाक्याच्या मधोमध घुसल्यात. डफने वापरलेली काही हस्तलिखितं पुढे कुणाला सापडलीच नाहीत. अमुक गोष्ट मी अमुक बखरीतून घेतली, हे सांगणारी त्याची टीप हाच त्या कागदाचा उरलेला माग. ती टीप काढून टाकणाऱ्याने काय पुसलं हे त्याला ठाऊक तरी होतं का?

तिसरी १९२१ची. ऑक्सफर्डची, दोन खंडांत, एस. एम. एडवर्ड्स यांनी प्रस्तावना, लेखकाचं चरित्र आणि टिपा जोडलेली. बाबांनी गोवामुक्तीनंतर बेळगावात जुनी म्हणून घेतली होती. एडवर्ड्सही साहेबच, त्याच्या टिपांतही साहेबी सूर आहे. पण शंभर वर्षांत काय बदललं याची जाणीव ठेवून त्याने काम केलंय, आणि मूळ टिपा जागच्या जागी आहेत. आत बाबांनी पेन्सिलीने काढलेला किनारपट्टीचा नकाशा मिळाला, वसईपासून गोव्यातल्या साष्टीपर्यंत. १७३९ मध्ये तिकडे वसईला वेढा पडलेला असताना इकडे राशोलच्या किल्ल्यालाही मराठ्यांनी वेढलं होतं, म्हणून दोन्ही ठिकाणी सारखीच फुली. वसईला इथून कुमक जाऊ नये यासाठी ही चाल होती. दोन फुल्या एका कागदावर पाहिल्या की ती क्षणात ध्यानात येते.

मग हीच प्रत पाठवायची. नवीन घेणार असशील तर १९२१च्याच आवृत्तीचं पुनर्मुद्रण घे, असं त्याच्या मित्रांसाठी चिठ्ठीत लिहिलं. घेण्याआधी वसईचं प्रकरण उघडून तळटीपा आहेत का बघा, नकाशाचं पान बघा, पानांचे आकडे सलग आहेत का बघा. संगणकावर शोधताना जुनी स्पेलिंगं लक्षात ठेवा. १८२६च्या छापात शिवाजी 'सिवाजी' म्हणून येतो आणि वसई 'बसीन' म्हणून.

वसईच्या पानात एक वेगळी चिठ्ठीही घातली. शरणागतीची तारीख एका पुस्तकात ५ मे १७३९ आणि दुसऱ्यात १६ मे दिसेल, गोंधळू नकोस. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनं पंचांग सोडलं नव्हतं, पोर्तुगीज नव्यावर होते. मधले ११ दिवस तेवढेच.

बाबांचा नकाशा पाठवायला मात्र हात धजत नाही. सोमवारी बाजारात जाऊन त्याची चांगली झेरॉक्स काढतो, घडी पुरती उलगडून, आणि मग पार्सल करतो.