ठाण्याचे 14 तलाव, एक सकाळ: बिग-एमची गळती सापडली

सर्वात कमी वेळाची सायकलफेरी शोधणारं गणिती मॉडेल पल्पमध्ये (पायथनची एक लायब्ररी) लिहून झालं. नौपाड्यातल्या घरून पहाटे साडेपाचला सायकलवर निघायचं, 14 तलाव करायचे, प्रत्येक ठिकाणी 4 मिनिटं थांबायचं, साडेनऊच्या आत घरी. तलावपाळी सातच्या आत, नंतर स्टेशनकडची गर्दी सुरू होते. घर धरून 15 ठिकाणं, म्हणजे 210 हो-नाही व्हेरिएबल (इथून थेट तिथे जायचं का: हो म्हणजे 1, नाही म्हणजे 0), शिवाय प्रत्येक तलावाला पोहोचण्याची वेळ. 1 असेल तर दुसऱ्या तलावाची वेळ पहिल्याची वेळ, थांबा आणि प्रवास यांच्या बेरजेआधी येऊ शकत नाही; 0 असेल तर एम नावाचा मोठा आकडा हा नियम बाद करतो, यालाच बिग-एम म्हणतात.

सीबीसीने (असं मॉडेल सोडवणारा प्रोग्रॅम, म्हणजे सॉल्व्हर) बराच वेळ घेऊन उत्तर दिलं, 'ऑप्टिमल' म्हणजे सर्वोत्तम म्हणून. नकाशावर रेघा ओढल्या आणि बघतच राहिलो. कचराळीहून सिद्धेश्वर, सिद्धेश्वरहून परत कचराळी; हे दोन तलाव उरलेल्या फेरीपासून पार तुटलेले. असं होणं शक्यच नव्हतं. वेळ पुढेच सरकते, त्यामुळे अधलंमधलं वर्तुळ बंदच होऊ शकत नाही, या भरवशावर मी त्यासाठी वेगळे कन्स्ट्रेंट (बंधनं) घातले नव्हते. मिलर, टकर आणि झेमलिन या संशोधकांनी 1960 मध्ये हेच काम वेळेऐवजी ठिकाणांना भेटीचे क्रमांक देऊन केलं होतं.

दोन रात्री डेटा तपासण्यात गेल्या. शेवटी व्हेरिएबलच्या किमती सहा दशांश स्थळांपर्यंत छापल्या: 1 नाही, 0.999999! पूर्णांकापासून 0.000001 इतका फरक असला तरी सॉल्व्हर तो आकडा पूर्णांकच समजतो. आणि माझा एम होता 1 कोटी. दोन्हींचा गुणाकार 10 मिनिटं. कचराळी ते सिद्धेश्वर 5 मिनिटं आणि थांबायची 4, मिळून 9. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर 10 मिनिटांची सूट मिळत होती आणि घड्याळ उलटं फिरत होतं. सॉल्व्हरची काही चूक नाही, नियम मीच ढिला बांधला होता.

मग प्रत्येक जोडीसाठी वेगळा एम काढला: पहिल्या तलावावर जास्तीत जास्त उशिरा पोहोचण्याची वेळ, अधिक थांबा, अधिक प्रवास, वजा दुसऱ्यावर लवकरात लवकर पोहोचण्याची वेळ. इथे आणखी एक गोष्ट कळली. बहुतेक तलावांच्या वेळेला मी वरची मर्यादाच दिली नव्हती, त्यामुळे प्रीसॉल्व्हलाही (सोडवण्याआधी मॉडेल आटोपशीर करणारी सॉल्व्हरची पायरी) एम आवळायला काही हाताशी नव्हतं. साडेनऊमधून घरी परतायचा वेळ वजा करून ती सगळीकडे घातली. आता एकही एम 260 मिनिटांच्या वर नाही.

फरक अफाट आहे. आधी 20 मिनिटांनंतरही गॅप (हाती आलेलं उत्तर आणि याहून चांगलं शक्य नाही अशी मर्यादा यांतलं अंतर) 18 टक्क्यांवर अडकलेला असायचा, कारण सॉल्व्हर आधी व्हेरिएबलं अपूर्णांकात घेऊन बघतो, आणि एवढ्या मोठ्या एमसमोर ती अर्धी-अर्धी घेतली की वेळेची बंधनं नसल्यातच जमा. आता सीबीसी 40 सेकंदांत संपवतो. एक ओळ बदलून हायस हा दुसरा सॉल्व्हर लावला, तो 9 सेकंदांत. दोघांचं उत्तर एकच: 3 तास 38 मिनिटं, कावेसर मधोमध आणि कळव्याचा खारेगाव तलाव सर्वात शेवटी.

रविवारी हीच फेरी घड्याळ लावून मारणार आहे. खाडीपुलाचा वेळ मी अंदाजानेच धरलाय. कळव्याकडून सकाळी नऊच्या सुमारास सायकलने येणाऱ्या कुणी मोजला असेल तर जरूर कळवा.