दहा गेल्या, चौदा राहिल्या

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बामणोलीच्या खोऱ्यातल्या आबा नावाच्या मधपाळाचा फोन आला. म्हसवडकडचा एक डाळिंबवाला मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्यासाठी, मधमाश्यांच्या पेट्या मागत होता. पेटीमागं महिन्याला हजार रुपये, गाडीभाडं त्याचंच. आबांकडं सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या, चोवीस वसाहती. "साहेब, न्यायच्या का ठेवायच्या?" एवढंच त्यांनी विचारलं. पेट्या तपासणं आणि मधपाळांना सल्ला देणं हे माझं काम. हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं. यंदा ते उत्तर मलाच पटेनासं झालंय.

पावसाळ्यात डोंगर हिरवा, म्हणजे माश्यांची चैन, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर जून ते सप्टेंबर हा डोंगरातल्या माशीचा दुष्काळ. आठ-आठ दिवस पावसाची झड थांबत नाही, माशी दाराबाहेर पडू शकत नाही, फुलात असेल तो रस धुऊन जातो. राणी अंडी घालणं जवळजवळ थांबवते. उघड्या पडलेल्या पोळ्यात मेणकिडा शिरतो. पावसाळा सरताना डोंगरावर सोनकीची पिवळी फुलं येईपर्यंत वसाहत साखरेच्या पाकावर जगवावी लागते : साखर आणि पाणी समप्रमाणात, पेटीमागं आठवड्याला दोनशे ग्रॅम साखर. चोवीस पेट्यांना आठवड्याला पावणेपाच किलो, बारा आठवड्यांत साठ किलोच्या आसपास. पाक संध्याकाळीच द्यायचा, सगळ्या पेट्यांना एकाच वेळी, आणि थेंबही बाहेर सांडू द्यायचा नाही. नाहीतर एक वसाहत दुसरीला लुटते. पेट्या वाटणाऱ्या योजना पुष्कळ झाल्या, पण या साठ किलो साखरेचा हिशेब कुणी करत नाही. पेटी फेब्रुवारीत देतात, फोटो काढतात, आणि वसाहत ऑगस्टमध्ये निघून जाते. दोष मात्र मधपाळाच्या आळसाला लावतात.

म्हसवडच्या माण तालुक्यात पाऊस तुटपुंजा, ऊन पडतं. डाळिंबाची फुलं, पुढं बाजरी आणि मक्याचा पराग. पण डाळिंबातून माशीला मुख्यतः परागच मिळतो, रस थोडा; म्हणजे तिथंही पाक द्यावाच लागतो. त्यात औषधांच्या फवारण्या. शिवाय सातेरी ही बिथरणारी माशी. त्रास झाला की पोळं, पिल्लं, साठा सगळं टाकून अख्खी वसाहत उडून जाते.

आबांच्या घरी नवराबायकोचं जमत नव्हतं. आबांच्या मते पेट्या पडवीत होत्या तोवर आपल्या होत्या. वहिनींना भाड्याचे पैसे दिसत होते आणि ते दिसणं योग्यच होतं, कारण साखर त्याच आणत होत्या. मी नेहमीचा सल्ला दिला : दहा न्या, चौदा ठेवा, जोरदार असतील त्या न्या, अशक्त घरी सांभाळा. पेटीत लाकडी चौकटी असतात, त्यांत माशी पोळं बांधते; वसाहतीचा जोर माश्यांनी भरलेल्या चौकटींवर मोजतात. सहा-सात भरलेल्या चौकटींच्या दहा पेट्या निवडल्या. राहिलेल्या चौदा तीन ते पाच चौकटींच्या.

तयारी आम्ही नीट केली. दोन दिवस आधी पाक बंद, कारण ताज्या पाकानं जड झालेलं पोळं धक्क्यात तुटतं. नवं, पांढरं मेण असलेली पोळी काढून घेतली. चौकटी हलू नयेत म्हणून कडेला लाकडी पाचरी ठोकल्या. वरची मधकोठी काढली, झाकणाच्या जागी बारीक जाळी बसवली. अंधार पडून सगळ्या माश्या आत आल्यावर दारं बंद केली. पिकअपमध्ये पेट्या अशा ठेवल्या की आतल्या चौकटी रस्त्याच्या दिशेनं लांब येतील; आडव्या ठेवल्या तर प्रत्येक ब्रेकला पोळं पोळ्यावर आपटतं.

एक चूक राहिली. सर्वांत जोरदार पेटीचं दार ओलाव्यानं फुगलं होतं, नीट बसेना. तिथं फळीऐवजी जाळीचा तुकडा ठोकला. हवा येते, बिघडत काय, असं मीच म्हणालो.

मेढा, सातारा, कोरेगाव. पुसेगावच्या पुढं चाक पंक्चर झालं आणि गाडी दीड तास उभी राहिली. गाडी चालू असली की वारा वाहतो, गाभा थंड राहतो. उभ्या गाडीत माश्या खवळतात, अंग थरथरवून उष्णता करतात. पिल्लांच्या जागी एरवी पस्तीस अंश असतात, तिथून पारा झपाट्यानं चढतो. त्यात चाक बदलायला लावलेला दिवा त्याच पेटीसमोर होता. जाळीतून उजेड दिसला तशा सगळ्या माश्या दाराकडं धावल्या आणि दारच बुजलं. वरच्या जाळीवर पोत्याचा कोपरा आला होता. पहाटे बागेत उघडली तेव्हा तळाला ओल्या, काळ्या पडलेल्या माश्यांचा ढीग होता. पोटातला मध ओकून त्या चिंब झाल्या होत्या. सात चौकटींची वसाहत. जितक्या जास्त माश्या तितकी जास्त उष्णता. म्हणजे जी सर्वांत तगडी म्हणून निवडली, तिलाच प्रवासाचा धोका सर्वांत जास्त होता. हे मला ठाऊक होतं. तरी निवडताना मी फक्त चौकटी मोजल्या.

उरलेल्या नऊ जागेवर मांडून, वीस मिनिटं शांत होऊ देऊन, एकाआड एक उघडल्या. दाराशी राणीरोधक लावला. त्यातून कामकरी माशी निसटते, राणी अडते, त्यामुळं वसाहत उडत नाही. तो पाच दिवस ठेवायचा असतो. राखणीच्या पोरानं दोन पेट्यांचा तिसऱ्याच दिवशी काढला आणि त्या दोन्ही गेल्या. नवव्या दिवशी बागायतदारानं सकाळी फवारणी केली. बोलणं झालं होतं सूर्यास्तानंतरचं. दोन पेट्यांसमोर जिभा बाहेर आलेल्या माश्यांचा सडा पडला. पेट्या म्हणजे भाड्यानं आणलेली बैलजोडी, असंच या लोकांना वाटतं. लेखी करार करा म्हणून मी कितीदा सांगतो. आबांनीही केला नव्हता, शब्दावर गेले होते.

सप्टेंबरअखेर सात पेट्या परत आल्या. फवारणी सोसलेल्या दोन पेट्या चार चौकटींवर आलेल्या, बाकीच्या पाच मात्र गच्च भरलेल्या, आठही चौकटींवर माशी. घरच्या चौदापैकी तीन उडून गेल्या, दोन मेणकिड्यानं खाल्ल्या. नऊ उरल्या त्या तीन-चार चौकटींच्या.

दहातल्या तीन गेल्या, चौदातल्या पाच. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे नेलेलंच बरं झालं." आबा म्हणाले, "माझी सगळ्यात चांगली पेटी मेली." या आकड्यांवरून मला मात्र दोघांनाही उत्तर देता आलं नाही. जोरदार पेट्या पाठवल्या आणि अशक्त ठेवल्या, म्हणजे तुलना सुरुवातीपासूनच बिघडवलेली. घरी पाच गेल्या त्या घरी राहिल्यामुळं, की आधीच अशक्त होत्या म्हणून? ती सात चौकटींची वसाहत पडवीत पाकावर जगली असती, असं मला वाटतं. त्याच पडवीतल्या तीन चौकटींच्या पेट्या माणच्या उन्हात सावरल्या असत्या का, हे बघायची संधी मीच घालवली. इतकी वर्षं मी हाच सल्ला देतो आणि प्रत्येक वर्षी नेलेल्या पेट्या जोमदार दिसतात, कारण नेल्याच होत्या त्या जोमदार.

आबांशी पुन्हा बोलणं झालं. पुढच्या आषाढात पाच चौकटींच्या पेट्यांवर खडूनं नंबर घालायचे आणि चिठ्ठ्या टाकून निम्म्या न्यायच्या. सहाच्या वरच्या एकीलाही हलवायचं नाही. दारं सगळी लाकडीच, उन्हाळ्यात रंधा मारून बसवलेली. सुतार मार्चमध्ये येणार आहे.