तीन मीटरची खोळ

आमची होडी मॉस्किटो जातीची कॅटामरान. 16 फूट लांब, दोन जुळे हल (पाण्यावर तरंगणारे सांगाडे), सगळं प्लायवुडचं. पीटर कूपर यांनी 1961 साली मेलबर्नजवळच्या माउंट एलायझाला तिचा आराखडा केला. अशा होड्या लोकांनी घरच्या गॅरेजात बांधल्या. मग स्पिनेकरची यंत्रणा तेवढी विकत का आणायची? चार महिने प्रत्येक रविवार त्यात गेला.

स्पिनेकर म्हणजे वारा मागून येत असताना पुढे फुगवायचं पातळ नायलॉनचं मोठं शीड. वळणाचा बोया जवळ आला की ते झटपट गुंडाळलं गेलं पाहिजे. त्यासाठी पुढे काढलेल्या दांड्याखाली कापडाची लांब खोळ असते आणि तिच्या तोंडाशी कडं. शीड चढवायला आणि आत घ्यायला दोर एकच, आमचा 20 मीटरचा. एक टोक शिडाच्या माथ्याला. तिथून डोलकाठीच्या वरच्या कप्पीतून खाली, दोर पकडून ठेवणाऱ्या क्लीटमधून, मागे ट्रॅम्पोलिनवरच्या, म्हणजे दोन हलांमध्ये ताणलेल्या कापडावरच्या, कप्पीला वळसा घालून खोळीत मागून शिरायचं, पुढे कड्यातून बाहेर पडून शिडाच्या पोटाला बांधायचं. इकडून ओढलं की शीड वर, तिकडून ओढलं की खोळीत. परकराचा नाडा ओवलेल्या बाईला हे चटकन कळतं. मी दोर ओवलाही तसाच, काठीवर खोळीच्या चुण्या सरकवत.

कडं करायला बागेतला 19 मिलिमीटरचा पाण्याचा पाइप लंबगोल वाकवला, त्यावर काचकापड आणि इपॉक्सीचे दोन थर दिले. मग पॉलिश पेपरने घासत बसले. बोटाला कुठेही खरखर लागता कामा नये, कारण सगळं शीड या काठावरूनच घासत जातं. खोळ आधी सावलीसाठी बांधतात त्या जाळीची शिवली होती, तिच्यात नायलॉन अडकायचं. दुसरी एका फाटक्या स्पिनेकरच्या कापडाची शिवली, फक्त तळाला पाणी निथळायला जाळीची पट्टी.

तरी पहिल्याच शर्यतीत घात झाला. मेलबर्नच्या पोर्ट फिलिप उपसागरात लाटा आखूड आणि उभ्या. लेकीने दोर ओढला, शीड अर्धं आत गेलं आणि कड्यात बोळा होऊन बसलं. उरलेलं उजव्या हलखाली गेलं, होडी जागच्या जागी थांबली, शीड वीतभर फाटलं. लेक रडवेली झाली होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

घरी येऊन शीड हॉलमध्ये पसरलं आणि टेप लावली. माथ्यापासून तळापर्यंत 6.4 मीटर. दोर बांधला होता बरोबर मधोमध, म्हणजे दोन्हीकडे 3.2 मीटर कापड. खोळ 3 मीटरची! पोट खोळीच्या पार मागे पोचलं तरी माथा बाहेरच लोंबणार, आणि सगळं कापड दुमडून एकदम कड्याशी येणार. ओढायची ताकद वाढवून हे सुटणारं नव्हतंच.

मग शिडाला दोन ठिगळं लावली. वरचं माथ्यापासून 2.7 मीटरवर, दुसरं त्याच्या खाली 1.6 मीटरवर. खालच्या ठिगळाला रिंग. दोर तिच्यातून जाऊन वरच्या ठिगळाला गाठ. ओढलं की आधी दोन्ही ठिगळं एकत्र येतात, मधल्या कापडाची घडी पडते आणि मग ती घडी पुढे होऊन आत शिरते. लोंबणारा सर्वांत लांब तुकडा आता 2.7 मीटरचा. खोळीत मावतो.

फेब्रुवारीत दक्षिणेचा चांगला वारा होता तेव्हा पुन्हा गेलो. मी होडी वाऱ्याबरोबर वळवली, म्हणजे स्पिनेकर मोठ्या शिडाच्या आडोशाला येतो. शीट, म्हणजे शिडाच्या मागच्या कोपऱ्याचा दोर, ताणून धरली, नाहीतर कापड पाण्यात पडतं.

"आई, सोडू?"

"सोड. आता ओढ, थांबू नकोस."

नऊ ओढीत शीड आत. माथ्याचं टोकसुद्धा दिसेना. लेकीने वळून माझ्याकडे पाहिलं, तो चेहरा मला अजून दिसतो.

पुढच्या कोपऱ्याचा दोर अजून वेगळा सोडावा लागतो. तो हॅलयार्डलाच, म्हणजे शीड वर चढवणाऱ्या दोरालाच, जोडायचाय. कप्प्या आणून ठेवल्यात.