कुणाचं गाणं म्हणता, ताई?

सोलापुरात पाठीला गिटार अडकवून रिक्षात बसलं की सात रस्ता येईपर्यंत एक प्रश्न हमखास येतो. "कुठल्या ऑर्केस्ट्रात हाय तुम्ही?" ऑर्केस्ट्रात नाही, स्वतःची गाणी लिहिते, चाल लावते आणि गाते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न, "म्हणजे कुणाची गाणी?" माझीच. मग रिक्षावाले मामा आरशातून एकदा नीट बघतात आणि बोलणं नळाच्या पाण्यावर जातं. इथं पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे त्या विषयावर कुणाशीही जमतं.

नवऱ्याची बदली रेल्वेच्या सोलापूर विभागात झाली म्हणून आम्ही रत्नागिरीहून इथं आलो. मैत्रिणी म्हणाल्या, बदली पुण्याला झाली असती तर तुझं भलं झालं असतं. खरंच आहे. पुण्यात कॅफे आहेत, ओपन माइक आहेत, रोज कुठे ना कुठे कुणीतरी स्वतःचं लिहिलेलं म्हणत असतं. अडीचशे किलोमीटर म्हणजे काही फार नाही, सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री परतही येता येतं. पण ओपन माइक सुरूच होतो रात्री आठला, आणि मुलगी लहान. तेव्हा जे काय करायचं ते इथंच.

होटगी रोड, विजापूर रोडवरचे दोन-चार कॅफे पालथे घातले. एकानं "बॅकग्राउंडला चालेल" म्हणून बसवलंही. तिथं दर टेबलावर वाढदिवस. केक आला की गाणं थांबवायचं, मेणबत्त्या विझल्या की पुन्हा त्याच कडव्यावर यायचं. तो नाद लवकरच सोडला.

रेकॉर्डिंग मात्र मी आल्या आल्याच सुरू केलं, आणि त्यात सोलापूरनं मला जे दिलं ते दुसऱ्या कुठल्या गावानं दिलं नसतं. आमचं पहिलं भाड्याचं घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे. मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग. लोकांना वाटतं त्या ठेक्यावर मला काहीतरी सुचलं असेल. मला तिथं डोकेदुखीशिवाय काही सुचलं नाही. कंडेन्सर माइक असा नाजूक कानाचा असतो की दोन खोल्या पलीकडचा कुकरही टिपतो. मागांचं तर विचारूच नका. पण लाइट गेली की माग गप्प. माझा लॅपटॉप बॅटरीवर, माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉपच्या यूएसबीवर, आणि माइकला लागणारे ४८ व्होल्ट त्या इंटरफेसमधूनच मिळतात. म्हणजे सगळी गल्ली "गेली बघ लाइट" म्हणून कपाळाला हात लावायची तेव्हा मी चपळाईनं दार लावून हेडफोन चढवायची. पंखा तर रेकॉर्डिंगला बंदच ठेवावा लागतो, लाइट असो नसो.

खोलीतला घुमारा मारायला बाहेरगावचे लोक महागडे फोम लावतात. मी चादरी टांगल्या. जॅकार्डवर विणलेली सोलापुरी चादर जाड आणि जड असते, ताणून न बांधता पडद्यासारख्या चुण्या घालून सोडली की आवाज पिऊन टाकते. पाठीमागे दोन, दारावर एक, टेबलावर टॉवेल. सेकंडच्या मालातल्या, किनारीचा धागा सुटलेल्या चादरी स्वस्तात मिळतात. दुकानदारानं विचारलं, "पाहुणे यायलेत का?" मी हो म्हटलं. तेवढ्यासाठी ध्वनिशास्त्र कोण समजावून सांगणार?

गिटारनं मात्र पहिल्याच उन्हाळ्यात असहकार पुकारला. रत्नागिरीच्या दमट हवेत मुरलेलं लाकूड इथल्या चाळीस अंशांच्या कोरड्या उन्हात आक्रसलं आणि फ्रेट्सची, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं कडेनं बाहेर आली. डावा हात सरकवला की करवतीसारखं टोचायचं. लाकूड आखडतं, धातू आखडत नाही, एवढं साधं कारण. गिटार दुरुस्त करणारं कुणी सापडेना, शेवटी पेटी दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी बारीक कानशीनं एकेक टोक घासून दिलं, आणि वर "ओला स्पंज साबणाच्या डबीत घालून, डबीला भोकं पाडून गिटारच्या पेटीत ठेवा" हा सल्लाही. ती डबी अजून गिटारच्या केसमध्ये आहे. चैत्र लागला की रोज स्पंज भिजवायचा.

गाणी तयार होत होती, ऐकणार कोण हा प्रश्न तसाच. तो सुटला बाळीवेशीजवळच्या एका भजनी मंडळात. शेजारच्या काकूंनी एकादशीला ओढत नेलं. मला वाटलं होतं, मागे बसून टाळ वाजवावा आणि प्रसाद घेऊन यावं. पण ती मंडळी ज्या लक्षानं ऐकतात तसं ऐकणारे लोक मला कॅफेत भेटले नव्हते, खोटं कशाला बोलू, पुण्यातही क्वचितच. रूपाचा अभंग झाला, आणखी दोन अभंग झाले आणि मग पखवाजावरच्या अप्पांनी ठेका बदलला आणि पेटीवाल्यांनी सरळ कन्नडमध्ये वचन, म्हणजे शिवशरणांचं पद, सुरू केलं. कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. हे गावच तसं आहे, एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू, आणि दुकानात उभं राहिलं की चारही.

नंतर चहा पिताना अप्पांनी विचारलं, मी काय करते. सांगितलं. त्यांना कुणाची गाणी वगैरे प्रश्न पडला नाही. म्हणाले, "मग त्यात नवीन काय, ताई? आपले सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात स्वतः वचनं रचायचे. ग्रामदैवतच लिहिणारं हाय आपलं." आणि पेटीवाल्यांनी भर घातली, शाहीर राम जोशी सोलापूरचेच, पेशवाईतले, स्वतः रचायचे आणि स्वतः उभं राहून म्हणायचे. ज्या धंद्याबद्दल मला रिक्षात खुलासा करावा लागत होता त्याचं मूळ या लोकांना तोंडपाठ होतं.

मी तिथं जात राहिले. मंडळाची पट्टी काळी पाच, माझा आवाज तिथं ताणला जातो, म्हणून मला मधूनच एखादा खालच्या पट्टीतला अभंग देतात. मुख्य म्हणजे तिथं मला ध्रुपदाचं, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीचं, महत्त्व कळलं. गाणारा एकदा म्हणतो, टाळकरी ते उचलतात, आणि तेवढ्या वेळात गाणारा श्वासही घेतो आणि पुढचं आठवतोही. माझ्या गाण्यांत असं उचलून धरण्यासारखं काही नसायचं. सगळ्या ओळी एकट्यानं म्हणायच्या, नाजूक, लांबलचक. आता मी ध्रुपद आधी लिहिते. ते काकूंना स्वयंपाक करता करता म्हणता आलं तर ठेवते.

पोटासाठी ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्याही घेतल्या. लग्नं, हळद, बारसं, एकदा तर पेट्रोल पंपाचं उद्घाटन. त्याबद्दल कमीपणा वाटून घेणाऱ्यांतली मी नाही. सगळ्या उडत्या चालीच्या गाण्यांत सूर कसा धरून ठेवायचा, आपला आवाज आपल्याला ऐकवणारा मॉनिटर स्पीकर मेला तरी कसं गायचं, हे तिथंच कळतं. साउंडवाल्याशी मात्र अजून जमलेलं नाही. "दादा, इको काढा" म्हटलं की ते इतक्या दुःखानं बघतात की जणू त्यांच्या घरचं कुणी काढायला सांगितलंय. अर्ध्यावर तडजोड होते.

याच सुमाराला एका व्हिडिओ चॅनलवाल्यांनी माझं एक गाणं मागितलं. शूटिंगचा खर्च त्यांचा, कलाकार त्यांचे, मला एकरकमी मानधन. कागद आला त्यात एकच वाक्य जड होतं, "सर्व हक्क कायमस्वरूपी". आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे वकीलसाहेब संध्याकाळी जिन्यात भेटले, तिथंच उभ्या उभ्या त्यांना दाखवला. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक लिहिणाऱ्या-गाणाऱ्यानं डोक्यात ठेवावं असं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. तोंडी "दिलं" म्हणून काही होत नाही. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तर समोरचा "कायमस्वरूपी" आणि "जगभर" आवर्जून लिहितो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सही करूनही सोडून देता येत नाही, तो वारसांना किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. मी मुदत तीन वर्षं करून कागद परत पाठवला. त्यानंतर तिकडून फोन आला नाही. गाणं माझ्याकडे आहे.

त्याच आठवड्यात आयपीआरएसचा, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा, सभासदत्वाचा अर्ज भरला. १९६९ पासूनची संस्था, गाणं जाहीरपणे वाजलं की लिहिणाऱ्याच्या आणि चाल लावणाऱ्याच्या वतीनं पैसे गोळा करते. पॅन, आधार, रद्द केलेला चेक, प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचा पुरावा. सभासद झालं म्हणजे काम संपलं असं नाही, प्रत्येक गाणं वेगळं नोंदवावं लागतं, त्यात शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचा किती टक्के. तबल्यावरच्या मुलानं एका गाण्याची चाल माझ्याबरोबर बसवली होती, त्याला वाटा विचारला तर म्हणाला, "राहू द्या की ताई." राहू दिलं नाही. टक्के लिहून त्याच्या फोनवर पाठवले आणि उलट "मान्य" असं लिहून घेतलं. आज आमचं छान आहे, म्हणूनच आज लिहायचं.

ऑनलाइन टाकण्याचं काम त्या मानानं किरकोळ. गाणी ॲपवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटर कंपनीत खातं उघडायचं, फाइल चढवायची, ते प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक देतात. तो गाण्याचा नसतो, रेकॉर्डिंगचा असतो; तेच गाणं गच्चीवर पुन्हा रेकॉर्ड केलं तर नंबर नवा. पैशांचं म्हणाल तर स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलं गेलेलं गाणं कमाईत धरतच नाहीत. माझं एखादंच गाणं ती वेस ओलांडतं. तेव्हा लाइट बिल सुपाऱ्यांतूनच भरलं जातं.

स्वतःच्या गाण्यांचा कार्यक्रम करायचं ठरलं तेव्हा हुतात्मा स्मृती मंदिराचं नाव पहिलं आलं, कारण सोलापुरात कार्यक्रम म्हटलं की तेच. एवढं मोठं नाट्यगृह भरायला मी कोण? आम्ही तोवर जुळे सोलापुरात राहायला आलो होतो, तिथली गच्ची धरली. उन्हाळ्यात दुपारभर तापलेली गच्ची सूर्य बुडाल्यावर पाणी मारून दीड-दोन तासांनी बसण्याजोगी होते; पाणी मारायला सोसायटीच्या सेक्रेटरींना पटवणं हेच अवघड गेलं. ध्वनिप्रदूषणाच्या नियमानुसार रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, म्हणून साडेसातला सुरू. प्रवेश शंभर रुपये, जिन्याच्या तोंडाशी क्यूआर कोड. बसायला रेकॉर्डिंगच्याच चादरी. भजनी मंडळ पहिल्या रांगेत, ऑर्केस्ट्रातली मुलं कठड्याला टेकून, आणि काही चेहरे मला अजिबात माहीत नसलेले. त्यांचं मला फार कौतुक वाटलं.

सुरुवात तुकोबांच्या अभंगानं केली. लोकांचा कान जागा होतो, आणि कुणाची परवानगी लागत नाही. पुढची सगळी माझी. तिसऱ्या गाण्याला मागून आवाज आला, "माहितीतलं म्हणा की एखादं!" मी काही म्हणायच्या आत अप्पांनी मान वळवून त्याला कन्नडमध्ये काहीतरी सुनावलं. काय ते मला कळलं नाही, पण चौथ्या गाण्याचं ध्रुपद तोच माणूस सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होता.

त्या गच्चीवर एका गणेश मंडळाचे अध्यक्ष होते. आठवड्यानं घरी आले, यंदा मंडळाचं स्वतःचं गाणं पाहिजे म्हणाले. मी चहा ठेवला आणि कागद काढला. शब्द आणि चाल माझी, हक्क माझ्याकडे, मंडळाला मिरवणुकीत आणि मांडवात वाजवायला पाच वर्षं, निम्मे पैसे आधी. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, सही केली, आणि पेन खिशाला लावता लावता त्यांना खरी काळजी आठवली.

"मालक, गाणं लिहाल ते लिहा. पण त्यावर लेझीम बसली पाहिजे, बरं का?"

बसेल म्हटलं. पोरांच्या सरावाला जाऊन त्यांच्या पावलांचा ठेका मोजायचं ठरलंय. तोवर ध्रुपदाच्या दोन ओळी झाल्यात, काकूंनी पोळ्या लाटताना म्हणून बघितल्या. दुसरी ओळ लांब आहे म्हणाल्या.