डावं-उजवं नको, रस्त्याकडे चला

गाण्यावर व्यायाम करायचा बायकांचा ग्रुप क्लास सुरू केला तो ऐन पितृपंधरवड्यात. मी सोमवार बघितला, हॉल रिकामा आहे का बघितलं, स्पीकर आलाय का बघितलं, फक्त घरात दाराच्या मागं लटकतंय ते कॅलेंडर तेवढं बघितलं नाही. आदल्या रात्री सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "या दिवसांत नवीन काय सुरू करतंय होय गं कोण?" झालं, तोंडातून निघालं ते खरं झालं. पहिल्या दिवशी तीन बायका. एक माझी नणंद, एक क्लबची रिसेप्शनिस्ट जिला मालकांनी खालून ढकलून पाठवलेलं, आणि एक काकू, ज्या चटई घेऊन आल्या होत्या कारण त्यांना वाटलं योगा आहे.

क्लब बेळगावच्या टिळकवाडीत, रेल्वे गेटपासून चालत पाच मिनिटं. खाली जिम, वर एक वीस बाय तीसचा हॉल जो नुसता पडून होता, जुने डंबेल, मोडका सायकल आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल असलं सगळं तिथं. मालकांना तिथं अजून चार ट्रेडमिल टाकायच्या होत्या. मी त्यांना वहीत गणित मांडून दाखवलं, माणशी सहा बाय सहा फूट धरलं तरी हॉलमध्ये सोळाजणी मावतात, मी धरून, आणि ट्रेडमिलवर एका वेळी एकच माणूस पळतंय, वर करंट तेवढाच. ते म्हणाले तीन महिने देतो, नाही चाललं तर ट्रेडमिल. पैशाचं ठरलं ते क्लासमागं, डोक्यामागं नव्हे, आणि हे मी हट्टानं मागून घेतलं, कुणी नवीन क्लास सुरू करत असेल तर हे आधी मागा, कारण सुरुवातीला डोकीच नसतात.

तर त्या तीन बायकांसमोर मी जे काय केलं ते आठवलं की अजून लाज वाटते. सर्टिफिकेट होतं, तीस-तीस सेकंदाच्या स्टेप पाठ होत्या, आणि मी आरशाकडं तोंड करून, त्यांच्याकडं पाठ करून, पाऊण तास स्वतःच मस्त नाचले. घाम मला आला. त्या तिघी मागं उभ्या राहून बघत होत्या जसं टीव्हीवर कायतरी चाललंय. काकू जाताना म्हणाल्या, "छान करतीस गं तू." त्या परत आल्या नाहीत. आल्या म्हणजे, आठ महिन्यांनी आल्या, पण ते पुढं सांगते.

मग घट बसले. आमच्या बेळगावात नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड असते, नऊ दिवस, भगवे झेंडे घेऊन अंधारात गल्लीगल्लीतून हजारो लोकं पळतात. माझा भाचा, जो एरवी आठ वाजता उठवला तरी मेल्यासारखा पडतो, तो नऊच्या नऊ दिवस गजर व्हायच्या आधी उठून बसलेला. मी गॅलरीतून बघत होते. कुणी कुणाला कसं पळायचं शिकवत नाही, पुढचा पळतोय म्हणून मागचा पळतो, घोषणा पडली की पाय आपोआप एका ठेक्यात. कोर्समध्ये आम्हाला ग्रुप डायनॅमिक्स म्हणून एक धडा होता, कंटाळवाणा. तो मला त्या पहाटे गॅलरीत कळला.

दसऱ्याला परत लाँच केलं, ह्यावेळी कॅलेंडर बघून. आठवडाभर फुकट. सोनं द्यायला घराघरात गेले तेव्हा आपट्याच्या पानाबरोबर क्लासचं कार्ड पण दिलं, नवऱ्याला ते अजिबात आवडलं नाही पण त्यातूनच अकराजणी आल्या.

आणि तिथून खरा घोळ सुरू झाला, भाषेचा.

आमच्या बॅचमध्ये शहापूर-अनगोळच्या मराठी बायका, धारवाडहून बदली होऊन आलेली एक कन्नड शाळेतली बाई, दोघी कॅम्पातल्या ज्या आमच्या इथली दखनी हिंदी बोलतात, खानापूर रोडवरून स्कूटीवर येणारी एक बँकेतली. मी लेफ्ट-राइट म्हणायचे तर अर्ध्या जणींना विचार करायला लागायचा. डावीकडं-उजवीकडं म्हटलं तर कन्नडवाल्या मागं राहतात. म्हणून मी मोठ्या हौसेनं कन्नड सुरू केलं. कन्नडमध्ये डावीकडं म्हणजे 'एडक्के', आणि तो ए बोलताना तोंडातून य होऊनच येतो. मी माइकवर ओरडले "यडक्के!" आणि मराठी लाइन हसून हसून खाली बसली, कुणीतरी म्हणालं "आम्हाला येडं म्हणालीय बघा मॅडम." धारवाडच्या बाईंना कळेना काय झालं. उजवीकडं म्हणजे 'बलक्के', त्यातला बल म्हणजे आपलंच बळ पण, ते मात्र सगळ्यांना आवडलं, अजून बायसेपला कुणीतरी बलक्के म्हणून ओरडतंच.

त्यात मी आता तोंड त्यांच्याकडं केलेलं, म्हणजे आरशातल्यासारखं, त्यांचा उजवा हात हवा असेल तर मी डावा वर करायचा आणि तोंडानं 'उजवा' म्हणायचं. करून बघा एकदा, १३५ च्या बीटवर, म्हणजे मिनिटाला १३५ ठोके. पहिले पंधरा दिवस मी रात्री झोपेत हात हलवत होते. शेवटी एका दिवशी वैतागून म्हणाले, "डावं-उजवं सोडा, रस्त्याकडं चला! आता बाथरूमकडं!" आणि पंधराच्या पंधराजणी एका दिशेला गेल्या. त्या दिवसापासून आमच्या क्लासला डावं-उजवं नाहीच. रस्ता साइड आणि बाथरूम साइड. दुसऱ्या हॉलमध्ये क्लास घ्यायची वेळ आली तर माझं काय होईल देवाला माहीत.

आकड्यांचं पण तसंच. गाणी आठ-आठच्या गिनतीवर चालतात, चार आठ म्हणजे बत्तीस, बत्तीसला एक तुकडा संपतो आणि स्टेप बदलायची ती तिथं बदलली तर अंगाला गोड लागते, मधेच बदलली तर ठेच लागल्यासारखं होतं. एरोबिक्ससाठी मिक्स केलेली गाणी बत्तीसात बरोबर बसतात, आपली हिंदी-मराठी गाणी बसत नाहीत, मधेच चार मात्रांचा बासरीचा तुकडा घुसतो, कोळीगीतं तर सहाच्या झुल्यावर चालतात, त्यावर सरळ मार्चिंग केलं की पाय लटकतात. मी तीन रात्री जागून गाणी कापली. वॉर्मअपला १२० च्या आसपास, मधला भाग १३५ ते १४५, स्टेपरवर, म्हणजे पायरीसारख्या फळीवर, चढ-उतार असेल तर १३० च्या वर जायचं नाही कारण वरून पाय नीट टेकवायला वेळ लागतो, घाईत अर्धं पाऊल बाहेर पडतं आणि मग घोटा गेला.

पण सगळ्यात उशिरा शिकले ते हे की पुढची स्टेप चार बीट आधी सांगायची. ती यायच्या वेळी सांगितली तर उशीर झालेला असतो, मागच्या लाइनला ऐकू जाईपर्यंत पुढची निघून गेलेली. म्हणजे पाय एक करतायत आणि तोंड त्याच्या पुढचं बोलतंय, एसटीचा कंडक्टर जसा ह्या स्टॉपवर उभा राहून पुढच्या स्टॉपचं ओरडतो तसं. आणि गिनती उलटी. एक, दोन, तीन, चार म्हटलं तर किती राहिलेत कळत नाही, चार, तीन, दोन म्हटलं की कळतं. आता मी "नाल्कु, मूरु, एरडु" पण म्हणते आणि मराठी बायका पण म्हणतात, ज्यांच्या घरात कन्नड बोर्डावरून जेवताना भांडणं होतात त्यासुद्धा म्हणतात. सगळ्यात आधी सगळ्या शिकल्या तो शब्द 'साकु'. पुरे. तो मात्र मला ऐकूच येत नाही असं मी ठरवलंय.

फॉर्मबद्दल सांगायचं राहिलं. सुरुवातीला प्रत्येकीकडून एक फॉर्म भरून घ्यायचा असतो, छातीत दुखतं का, चक्कर येते का, बीपी, सांधे, ऑपरेशन, कुठली गोळी चालू आहे. आमच्याकडं सगळ्या सगळीकडं 'नाही' लिहितात. दोन महिन्यांनी वडापाव खाता खाता कळतं की बीपीची गोळी गेली सहा वर्षं चालू आहे. आणि बीपीच्या काही गोळ्या अशा असतात की त्या नाडी वाढूच देत नाहीत, म्हणजे २२० वजा वय करून जो आकडा काढतात, जो तसाही अंदाजच, तो त्या बाईच्या बाबतीत फसवा, ती दमून लाल झालेली असते आणि हातातलं घड्याळ म्हणतंय आरामात चाललंय. म्हणून मी घड्याळ सोडून बोलण्यावर आले. व्यायाम करता करता बोलता यायला पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, तो मध्यम. मी मधेच मागच्या लाइनला जाऊन विचारते, "काकू, आज काय भाजी?" पूर्ण वाक्यात उत्तर आलं, वांगं, त्यात शेंगदाण्याचं कूट, वर तिळाची चटणी, तर अजून थोडं वाढवायला हरकत नाही. नुसतं "वांगं" आलं तर जाग्यावर चालायला सांगायचं. "जमतंय जमतंय" आलं तर खुर्ची आणायची.

अजून एक, जे फॉर्ममध्ये कुणीच लिहीत नाही. जंपिंग जॅक, म्हणजे उडी मारत हात-पाय फाकायची स्टेप, आलं की तीन-चारजणी पाणी प्यायला जायच्या, नाहीतर बुटाची लेस बांधायच्या. मला वाटायचं आळस. मग एकदा एकीनं जिन्यात थांबवून हळूच सांगितलं, दोन बाळंतपणं झाल्यापासून उडी मारली की थेंबभर लघवी होतीय. हे किती जणींना होतं आणि कुणी बोलत नाही. तेव्हापासून मी कुणाला काही न विचारता प्रत्येक उडीच्या स्टेपला आधी न उडायची पद्धत दाखवते, एक पाय कायम जमिनीवर, आणि तीच मेन स्टेप म्हणून दाखवते, उडी ज्यांना हवी त्यांनी वरून घालावी. ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचा व्यायाम शेवटी झोपून करतो त्यात घेतलाय, आणि त्रास जास्त असेल तर डॉक्टरला दाखवा असं सगळ्यांना मिळून सांगते, कुणा एकीकडं न बघता. पाणी प्यायला जाणं बंद झालं.

वेळेची पण गंमत. आधी नऊची वेळ ठेवलेली, सगळी फिटनेस मासिकं सकाळ सकाळ म्हणतात. नऊला कोण येणार, डबे, शाळेची व्हॅन, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाणी. ज्या भागात अजून पाणी दिवसाआड-चार दिवसांनी येतं तिथल्या बाईला पाण्याच्या दिवशी साक्षात देव बोलावायला आला तरी ती येत नाही. पावणेअकरा केली तेव्हा हॉल भरला. तरी आषाढात वडगावच्या मंगाईच्या जत्रेला चौघीच होत्या आणि गणपतीत मी स्वतःच सुट्टी जाहीर केली.

त्याच पावसाळ्यात एक दिवस करंट गेला. आमचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, लागला की लागला. मधला जोराचा भाग चालू, आणि स्पीकर बंद, माइक बंद, पंखा बंद. सगळ्या थांबल्या. मी ओरडून घ्यायला गेले तर आवाज फाटला, दुसऱ्याच महिन्यात माझा घसा बसला होता एकदा, तेव्हापासून ओरडायची भीती. तेवढ्यात मागच्या लाइनीतून एक काकू टाळ्या वाजवायला लागल्या. एक, दोन, तीन, चार. शाळेत १५ ऑगस्टला लेझीम केलेलं नाही अशी त्या लाइनीत एकही नव्हती. बसून, उठून, वाकून, पुढं, मागं, हातात लेझीम नाही पण मनगट तसंच हलतंय, कॅम्पातल्या दोघी बघून बघून शिकल्या, धारवाडच्या बाई म्हणाल्या आमच्या शाळेत पण हेच होतं. वीस मिनिटं. झुंबा निघाला तो पण असाच म्हणे, कोलंबियातला बेटो पेरेझ एरोबिक्सची कॅसेट घरी विसरला आणि जवळ होत्या त्या साल्सा-मेरेंगे नाचाच्या कॅसेट लावून वर्ग उरकला, १९९० च्या दशकात. आता आमचा शुक्रवारचा क्लास लेझीमचा असतो, खऱ्या लेझीम घेऊन. खालच्या जिममधल्या पोरांनी आवाजाची तक्रार केली, मालकांनी त्यांना सांगितलं हेडफोन लावा. ट्रेडमिलचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

टाळ्या वाजवणाऱ्या काकू म्हणजे त्याच, चटईवाल्या. जूनमध्ये परत आल्या होत्या, कुणीतरी सांगितलं म्हणे की आता मॅडम आपल्याकडं बघून शिकवतात. मी त्या दिवशी त्यांच्यामागं जाऊन उभी राहिले, पहिल्यांदाच मागच्या लाइनीत, आणि तिथून कळलं की खांबामुळं अर्ध्या जणींना मी दिसतच नव्हते इतके महिने. आता मी एका जागी उभीच राहत नाही. दोन गाणी पुढं, मग मधून फिरत, एखादीचा गुडघा आत वळतोय तो बाहेर करायला सांगत, स्वतः घाम न गाळता. नणंद म्हणते, "तू आता काहीच करत न्हाईस, नुसती फिरालीस, पैसे कशाचे घेतीस?"

उद्या पाण्याचा दिवस आहे, म्हणजे मागची लाइन अर्धी रिकामी. खांबाजवळच्यांना पुढं बोलवीन.